उंबऱ्याबाहेर बसलेली पोर

भिकुबाईने कळण्याची भाकर तव्यावर टाकली आणि दाराची कडी वाजली. नवरा भाईदास कापसाच्या जिनात कामावर गेलेला, म्हणून पदर सावरत तीच उठली. दारात कोर्टाचा शिपाई चिंधा उभा होता. डोंगराकडची साक्ष होती, दुभाषी हवा होता.

भिकुबाईचा बाप सातपुड्याच्या पायथ्याशी लाकूडतोडीवर मुकादम होता. डोंगरातल्या पावरा जमातीच्या पोरींबरोबर मोहाची फुलं वेचत ती वाढली. त्यांची बोली तिच्या जिभेवर आधी आली, मराठी मागून. लग्न होऊन धुळ्याला आल्यावर ती बोली कोर्टाच्या कामी आली. गल्लीतल्या बाया तिला हसून वकिलीणबाई म्हणायच्या. तीन वर्षं झाली, ती मात्र त्यावर हसत नव्हती.

तेव्हा, एकोणीसशे एकतीस साली, एका बापाने साक्षीत सांगितलं होतं की पोरीला ओढून नेलं. भिकुबाईने शब्दाला शब्द ठेवला. डोंगरात बाजाराच्या दिवशी पोरगा पोरीचा हात धरतो, ती मनाने जाते, मग पंच बसून लग्न जुळवतात. त्यालाही लोक ओढून नेणंच म्हणतात. कोर्टात तेवढाच शब्द उतरला. पोराला सजा झाली आणि तुरुंगातच तापाने तो गेला. आपण काही खोटं बोललो नव्हतो, हे तिला ठाऊक होतं. पण तेवढ्याने झोप येत नव्हती.

चिंधा सांगत होता, आज जामसिंग नावाच्या पोरावर तोच आळ होता. त्याने नेलेल्या बिजलीला पोलिसांनी बापाकडे पोचवलं होतं. पण कधीकधी खरीच बळजोरी होते, आणि शब्द तोच असतो. मग इथे बसून कसं ओळखायचं? चुलीकडे परतून भाकर उलटता उलटता तिने विचारलं, "चिंधाभाऊ, ती पोर बापना घरमा ऱ्हास का?"

चिंधा हसला. "कशानं, अक्का? चार दिन अंगनमाच पडेल व्हती. उंबरा वलांडत नही. भलती हट्टी शे. आज कोर्टनं बाहेर बसाडी शे."

भिकुबाईचा हात थांबला. भाकर करपली. मनाने गेलेली पोर पंच बसेपर्यंत बापाच्या घरात पाऊल टाकत नाही. बळाने नेलेली असती, तर धावत मायच्या कुशीत शिरली असती.

कोर्टात बिजलीच्या बापाने मान खाली घालून तोच शब्द उच्चारला. कारकुनाने टाक दौतीत बुडवला. साहेबांनी भिकुबाईकडे पाहिलं. ती हात जोडून म्हणाली,

"साहेब, अर्थ मी सांगेन. पण आधी त्या पोरीला आत बोलवा, आणि बापाच्या घरात का जात नाहीस, एवढं तिला विचारा."