निघण्याआधी पोचलेली बीज

साजगावच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये उमेदीची सारी वर्षे पोळ्या लाटून विमलबाईंनी दोन मुले शिकवली, आणि शिकलेली मुले जातात तशी ती दूर गेली. अक्षय लॉस एंजेलिसला, रिया ऑकलंडच्या रुग्णालयात परिचारिका. रियाच्या लग्नाला अक्षयला रजा मिळाली नाही. नवरदेवाचा कान पिळायला चुलतभाऊ उभा करावा लागला. तेव्हापासून बहीणभावांत अबोला होता.

यंदा रियाने त्याला निरोप धाडला : "तू यायचा नाहीस, ठाऊक आहे. भाऊबिजेला मीच तुझ्याकडे येते. बीज हुकली तर मात्र पुन्हा नाव काढू नकोस."

बिजेच्या दिवशी मी विमलबाईंकडून फराळाचा डबा आणायला शिळफाट्याहून साजगावला निघालो. वाटेत वाहतुकीत इतका वेळ तुंबलो की चालत लवकर पोचलो असतो. त्या रस्त्याविषयी मी केलेले अर्ज कुणी वाचत असेल, असा माझा समज आता उरलेला नाही. पोचलो तेव्हा विमलबाई फोनपुढे मांडलेले ओवाळणीचे ताट फडताळात ठेवीत होत्या.

"गेली बीज, भाऊ," त्या म्हणाल्या. "रियाचं आदलं तिकीट रजेपायी बुडलं. आत्ता तिचा फोन आला, दोघं विमानात बसतोय म्हणून. तिकडं सांज झाली. बारा तास बसायचंय."

त्यांचे दीर सहदेव ओटीवरून म्हणाले, "रातपाळीची बस हाय ती, वहिनी. आज चढला तो उद्याच उतरनार."

साऱ्या गावाचा हिशेब कारखान्याच्या पाळीचा. तो चुकलेला कुणी पाहिला नव्हता. मी मोबाईलवर पाहिले. अंतर सुमारे साडेदहा हजार किलोमीटर, आणि पोचण्याची वेळ? आजचीच, दुपारची! टंकनाची चूक असणार, असे मला वाटले. वेळापत्रकांवरचा माझा विश्वास कधीच उडालेला आहे. पुन्हा पाहिले, आणि शाळेत घोकलेली ती समुद्रातली वाररेषा आठवली. मी चक्क ओरडलो, "विमलबाई, रिया आज दुपारीच उतरते आहे!"

"आज दुपार तर हीच हाय की."

"इथली! अक्षयकडे आत्ता कुठे बीज सुरू होते आहे. ती रेषा ओलांडली की वार एक दिवस मागे जातो."

"मंजे निघायच्या आदीच पोचनार?" सहदेव खदखदून हसले. "लग्नाच्या आदी बारसं म्हना की!"

विमलबाईंनी ताट पुन्हा बाहेर काढले. करंज्यांचा डबा मात्र ओवाळणी होईपर्यंत कुणाला उघडू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तिथे हजर होतो. फोन वाजला. पडद्यावर मावळतीचे ऊन, पाटावर अक्षय, आणि निरांजन धरलेली रिया.

"आपली बीज कालच सरली, वहिनी," सहदेवांनी डिवचले.

"गप बसा वो भावजी! भाऊ जिथं हाय, तिथली बीज धरायची."

ओवाळून झाले. अक्षयने ताटात काहीच घातले नाही. तो उठला आणि कोपऱ्यात उभ्या असलेल्या मेव्हण्याला म्हणाला, "ऋषिकेशराव, जरा इकडे या. एक काम राहून गेलंय." आणि त्याने त्याचा कान धरला.

"आई गं! मांडवात एकदा पिळून झालाय ना! अजून बाकी आहे का?" ऋषिकेश कळवळला. रिया हसता हसता रडू लागली.

"पीळ, चांगला पीळ रं!" विमलबाई टाळ्या पिटत ओरडल्या.

मग त्यांनी डबा उघडला. सहदेवांचा हात आधीच आत गेला होता.