झेंडूचा हार घातलेलं अकोल्याचं मशीन

मी अमरावतीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर सांभाळते. कोणाला आत घ्यायचं हे ठरवणारा लॉगिन सर्व्हर माझ्या खोलीत, लिनक्सवर. पण पोरापोरींची नावं अन् पासवर्ड संस्थेच्या अकोल्याच्या ऑफिसात, विंडोजवरच्या डेटाबेसमध्ये. दोघांची भाषा वेगळी, तऱ्हा वेगळी. त्यांचं बोलणं जुळवून देणारा ड्रायव्हर बसवता बसवता मी पार मेटाकुटीला आले होते. एकाची समजूत काढली की दुसरं रुसायचं.

मग एका दुपारी माझ्या मशीननं अकोल्याला विचारलं, ही पोरगी तुमची का? अन् पापणी लवायच्या आत तिकडून 'हो' आलं. बाप्पा! मी खुर्चीतून उठलेच. आमच्या गावात अनोळखी माणूस आला की "कोनाचा रे तू?" म्हणून विचारतात, मग त्याच्या गावच्या कोणाला तरी फोन लावून खात्री करतात. त्यात अर्धी दुपार जाते, चहाही होतो. इथं ना फोन, ना चहा. त्या 'हो'चं मला आजही नवल वाटतं, अंगावर काटा येतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या लॅबमध्ये ऑनलाइन पेपर होता. अकराला सुरू, साडेअकराला लॉगिन बंद. सगळे वेळेवर लॉगिन करून बसले होते. उशिरा, धापा टाकत एक बाई आली. तिवशाकडची, फुलं पिकवणाऱ्या घरची सून. झेंडूला वर्षात याच दिवशी खरा भाव, म्हणून पहाटेपासून बाजारात बसली होती, अन् आता गाडा सासूवर सोपवून पळत आली होती. पदवीचा हा एकच विषय राहिलेला, अन् ही शेवटची संधी. तिनं पासवर्ड टाकला. पडद्यावर आलं, लॉगिन होऊ शकत नाही.

"मॅडम, काहून नाही होऊन राहिलं?" तिचा आवाज रडवेला झाला.

मी ड्रायव्हर पाहिला, केबल पाहिली, नेटवर्क पाहिलं, मशीनला दोन शिव्या हासडल्या. आमच्याकडचं सगळं ठीक होतं, अकोलाच मुकं झालं होतं. अन् अकोल्यानं हो म्हटल्याशिवाय माझा सर्व्हर प्रत्यक्ष देवालाही आत घेत नाही. मी तिकडे स्पीकरवर फोन लावला. ऑफिस सांभाळणाऱ्या काकांनी उचलला, अगदी खुशीत.

"पूजा झाली न बाई! मशीन पुसलं, हळद-कुंकू लावलं, हार घातला, अन् बंद केलं. उद्या सुट्टी, म्हून आजच."

"काका, डोकं फिरलं का तुमचं? इथं परीक्षा चालू आहे! आधी सुरू करा ते!"

"पुजलेल्या हत्याराले हात लावत नाही, बाई. माह्या बापानं दसऱ्याले कधी वखर नाही हालवला. रागावू नका, पन आता ते दसरा झाल्यावरच."

साडेअकराला थोडाच वेळ उरला होता. मी आणखी काही बोलणार, तेवढ्यात त्या बाईनं माझ्या हातून फोन घेतला. तिची बोटं झेंडूनं पिवळीजर्द झाली होती.

"काका, तुमचे हत्यारं पुजून झाले. माहं हत्यार म्हंजे हा पेपर. ते त अजून माह्या हाती बी नाही लागलं. मी काय पुजू?"

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"थांब, माय," काका म्हणाले.

मग फोनमधून मशीनच्या पंख्याची घरघर ऐकू आली. तिनं पुन्हा पासवर्ड टाकला. माझ्या मशीननं विचारलं, अन् शंभरेक किलोमीटरवरून, कपाळाला हळद-कुंकू लावलेल्या त्या डब्यानं सांगितलं, हो, आमचीच आहे. तिचं नाव पडद्यावर उमटलं. रोजचंच काम ते, पण मला रडूच फुटलं.

पेपर सुटल्यावर मी काकांना फोन केला, म्हटलं, आता करा बंद. ते तोवर मशीनपाशीच बसून होते. त्यांनी मशीन बंद केलं, पुन्हा हळद-कुंकू लावलं अन् नवा नारळ फोडला. तो फुटल्याचा आवाज मला इथं ऐकू आला.

"काका, पूजा तर झाली होती ना सकाळी?"

"सकाळी आमच्या मशीनची केली होती," काका म्हणाले. "ही त्या पोरीच्या हत्याराची."