खो-खोची ढाल

नगरच्या उपनगरातल्या आमच्या हायस्कूलचा हेडक्लार्क आल्यागेल्याला शाळेचा इतिहास ऐकवतो. स्वतः कधी मैदानात उतरला असेल तर शपथ, पण कपाटातल्या ढाली त्यानंच जिंकल्यासारखा बोलतो.

परवा माझ्यासमोर ऊसतोडीवरून परतलेली एक बाई मुलीच्या प्रवेशासाठी आली.

"मुदत संपली," तो म्हणाला. "तुमच्या पोरींमुळं निकाल खाली येतो आमचा. ही खो-खोची ढाल बघा. राज्यात पहिल्या आल्या, असल्या पोरी पायजेत."

"त्या टीमची कॅप्टन मीच हुते, साहेब."

त्यानं भिंतीवरच्या फोटोत तिला शोधलं. ती सापडलीही.

"व्हय की! मग वर्धापनदिनाला या, सत्कार करू. पोरीचं तेवढं पुढल्या वर्षी बघू."