भिंतीच्या बाजूचा कठडा

माझ्या सासूबाई आमच्या जिन्यातून उलट्या उतरतात. म्हणजे तोंड वरच्या मजल्याकडे आणि पाठ खाली. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा डावा हात नुसता लोंबतो, आणि आमच्या जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे. चढताना तो उजव्या हाताला येतो, तेव्हा काही अडत नाही. उतरताना तो डावीकडे जातो. मग त्या वळतात, उजव्या हाताने कठडा धरतात आणि पायाने पायरी चाचपत एकेक पाऊल मागे टाकतात. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही.

मागच्या खेपेला त्या नागपूरहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्या, तेव्हा नव्वद दिवसांत चार वेळा खाली उतरल्या. चौथ्या वेळी दुसऱ्या मजल्यावरचं जोडपं त्यांना वाट देऊन अगदी अदबीने खाली उभं राहिलं. घरी आल्यावर म्हणाल्या, "लोक माझी पाठ बघत उभे राहतात गं. आता डॉक्टरकडे जायचं असेल तरच ने मला." उरलेले दिवस त्या खिडकीत बसल्या. कोणत्या दिवशी कोणत्या रंगाचा कचऱ्याचा डबा रिकामा होतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं पाठ झालं. जाताना विमानतळावर त्यांनी सांगितलं की भिंतीच्या बाजूला धरायला काही लागलं तरच पुन्हा येईन.

भिंतीला एक दांडा, एवढंच काम. पण आमच्या इमारती गावाच्या घरकंपनीच्या, आम्ही नुसते भाडेकरू. बॉबलिंगेनला ऑफिसात मी मोठमोठ्या सिस्टिम्सचे अधिकार वाटते, आणि इथे स्वतःच्या जिन्यात एक खिळा ठोकायचा मला अधिकार नाही. सगळं वार्षिक आराखड्यातून जायला हवं. उन्हाळा संपला की कंपनीच्या बाई भाडेकरूंच्या समितीला घेऊन तळघरापासून माळ्यापर्यंत फिरतात. या पाहणीच्या फेरीला जर्मनमध्ये बेगेहुंग म्हणतात. नोव्हेंबरात बैठक होते आणि पुढच्या वर्षीची कामं ठरतात. छप्पर, हीटिंग वगैरे कंपनी स्वतः ठरवते. आमच्या तीन इमारतींसाठी मिळून दोन छोटी कामं मात्र समितीच्या शब्दावर होतात. त्या दोनांतलं एक मिळावं म्हणून मी समितीत शिरले, हे कबूल करते. मला इतिवृत्त लिहायचं काम मिळालं.

समितीचा अध्यक्ष आपलाच माणूस होता. समोरच्या नऊ नंबरच्या इमारतीत राहणारा, आमच्या आधी दहा वर्षं इथे आलेला. महिन्यातून एकदा आम्ही महाराष्ट्रातले बौद्ध लोक वंदनेला जमतो, तिथे बुद्धमूर्तीसमोरची मेणबत्ती बहुधा तोच लावतो. आम्ही नवे होतो तेव्हा गावच्या कचेरीत नाव नोंदवायला तो सोबत आला होता, हे घरही त्यानेच सुचवलं, आणि आमच्या भिंतीवरचं बाबासाहेबांचं चित्र त्याच्या ड्रिल मशीनने लावलेलं आहे. मी त्याला दादा म्हणते, तो मला ताई. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. इथे लिहिताना करणार नाही.

बेगेहुंगच्या आदल्या रविवारी मी आमच्या टेबलावर समितीच्या मागण्यांची यादी लिहीत होते. सात नंबरच्या दाराचा दिवा, नऊ नंबरच्या सायकलींसाठी शेड, असं भराभर लिहिलं. अकरा नंबर, म्हणजे आमची इमारत, आली आणि पेन थांबलं. माझे वडील महानगरपालिकेत कारकून होते. क्वार्टर मिळण्यासाठी रांगेत असलेल्यांची यादी त्यांच्या हातात असायची, आणि त्यात त्यांनी स्वतःचं नाव कधी वर सरकवलं नाही. आमच्या घरात या गोष्टीचा फार अभिमान. आपल्या हाताने आपलंच काम यादीत घालायचं, हे मला जमेना.

दादा समोरच चहा पीत होता. त्याने ओळखलं.

"ताई, तो मुद्दा मी मांडतो. तुम्ही स्वतःच मागितलं तर ते जरा ऑकवर्ड दिसतं."

"नक्की ना दादा?"

"गेनाऊ! अगदी नक्की. अहो, अध्यक्ष कशाला आहे मी? आईंना सांगून टाका, तिकीट काढा म्हणावं."

मला इतकं बरं वाटलं की मी त्याला डब्यात सुधारस भरून दिला. आणि त्याच संध्याकाळी सासूबाईंना फोन करून सांगितलं, "अहो आई, कठडा मंजूर झाला. उन्हाळ्याच्या आत लागेल." मंजूर काहीच झालेलं नव्हतं. पण दादाने शब्द दिला म्हणजे झालंच, असं मी धरून चालले.

सासूबाई लगेच तयारीला लागल्या. दिराकडून त्यांनी तिकडच्या जिन्यात भिंतीला एक पाइप बसवून घेतला आणि रोज सकाळी सरळ उतरायचा सराव सुरू केला. दिराने व्हिडिओ पाठवला. त्यात त्या समोर बघत, उजव्या हाताने पाइप धरून आठ पायऱ्या उतरतात आणि खाली पोचल्यावर कॅमेऱ्याकडे बघून म्हणतात, "बघ, कशी माणसासारखी उतरले." माझ्या मुलीने तो व्हिडिओ वर्गात दाखवला.

नोव्हेंबरची बैठक कंपनीच्या कार्यालयात झाली. बाईंनी पहिलं काम वाचलं, सात नंबरचा दिवा. दुसरं वाचलं, नऊ नंबरची सायकल शेड. मी दादाकडे बघितलं. तो आराखड्याचा कागद वाचत होता. बाईंनी विचारलं, "आणखी काही मुद्दे?" मी पुन्हा त्याच्याकडे बघितलं. त्याने पेनाला टोपण लावलं. मला वाटलं, याच्या मनात काहीतरी असेल, वेगळं बोलायचं ठरलं असेल, आपण मध्येच तोंड घालून त्याला तोंडघशी पाडायला नको. आणि मी माझ्याच हाताने इतिवृत्तात लिहिलं की आणखी मुद्दे नाहीत.

बाहेर कोट घालताना मी विचारलं, "दादा, आपलं ते?"

"आल्झो... म्हणजे कसं, ताई, या वर्षी जरा टाइट होतं. नेक्स्ट इयर हंड्रेड पर्सेंट."

मी तेही खरं मानलं. वाईट वाटलं, पण त्याचा राग आला नाही. बिचाऱ्याने प्रयत्न केला असेल, असंच घरी सांगितलं.

दोन आठवड्यांनी इतिवृत्तावर सही घ्यायला मी बाईंकडे गेले. सही करता करता त्या म्हणाल्या, "तुमच्या सासूबाई येणार नाहीत, ऐकून वाईट वाटलं. तब्येत फार बिघडली का?"

मला काही कळेना. मग त्यांनी सरळ सांगितलं. बेगेहुंगनंतर अध्यक्षांनी अकरा नंबरचा कठडा कळवला होता, त्यांनी तो यादीत घेतलाही होता. बैठकीच्या आदल्या दिवशी अध्यक्षांचा फोन आला, की माझ्या सासूबाई आता येणार नाहीत, कठड्याची गरज उरली नाही, त्या जागी सायकल शेड घ्या. "आणि बैठकीत तुम्हीही काही बोलला नाहीत," त्या म्हणाल्या. बोलताना त्यांचा चेहरा इतका निरागस होता की मला त्यांच्यावर चिडताही येईना. आता आराखडा बंद झाला होता. पुढच्या वर्षी पुन्हा मांडा, असं त्यांनी सुचवलं.

परत येताना मी बसमध्ये रडले. एखाद्या परक्याने केलं असतं तर दोन शिव्या घालून मोकळी झाले असते. याने माझ्या टेबलावर बसून, माझा चहा पिऊन, मला ताई म्हणत केसाने गळा कापला होता.

पुढच्या वंदनेला मी मुद्दाम गेले. त्याने पांढरा शर्ट घातला होता. आम्ही सगळ्यांनी पंचशील म्हटलं. खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं तेव्हा त्याचा आवाज जरासुद्धा हलला नाही. माझा हलला, कारण नागपूरला दर रविवारी "कठडा लागला का गं?" या प्रश्नाला मी "लागतोय, लागतोय" म्हणत होते.

बाहेर बूट घालताना मी त्याला गाठलं.

"दादा, आई येणार नाहीत हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

तो दचकला, पण क्षणभरच. "ताई, या वयात, अशा तब्येतीत एवढा प्रवास... मला वाटलं नाहीच जमणार. आणि आमच्याकडे दोन सायकली चोरीला गेल्या, लोक माझ्या मागे लागले होते."

"मग मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात."

हे तो अगदी सरळ, समजूत घातल्यासारखं म्हणाला. त्याला वाटलं, हे उत्तर झालं. मी बुटाची नाडी न बांधताच निघाले. त्यानंतर मी त्याच्याशी बोललेले नाही. समितीत आहे अजून, आणि यंदाच्या यादीत अकरा नंबर मी सगळ्यांत वर लिहिला आहे.

सासूबाईंना मात्र मी सांगितलं नाही. तिकीट निघालं होतं. नवरा म्हणाला, तू सांगितलंस ना मंजूर, मग आता नाही झालं हेही तूच सांग. मी आज सांगते, उद्या सांगते करत राहिले आणि मे महिन्यात त्या आल्या.

चढताना त्या खाली पायऱ्यांकडे बघत होत्या, दमल्या होत्या. भिंतीकडे त्यांचं लक्षच गेलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नवे बूट घातले, मुद्दाम घेतलेले, घट्ट पकडीचे. दार उघडून त्या पहिल्या पायरीशी उभ्या राहिल्या आणि सवयीने उजवा हात भिंतीकडे नेला. हात भिंतीवरून वर गेला, खाली आला.

"अहो आई, ते काम..." मी सुरुवात केली.

"नाही झालं ना?" त्या म्हणाल्या. "मग सांगायचं होतंस मला. मी नसते आले."

"म्हणूनच नाही सांगितलं," मी म्हणाले, आणि असंच उत्तर आपण कोणाकडून ऐकलंय हे मला त्याच क्षणी आठवलं.

त्यांनी काठी मुलीकडे दिली आणि स्वतःच वळल्या. मुलगी त्यांच्या खाली एक पायरी उभी राहिली. मी वर, त्यांची पिशवी घेऊन. आजवर उतरताना मी नेहमी खाली असायची, त्यामुळे मला कधी कळलं नव्हतं, की उलट्या उतरताना त्यांचं तोंड वरच्या माणसाकडे असतं. चार मजले त्या माझ्याकडे बघत उतरल्या.