माडीवरचा चेंडू

ज्या दिवशी आमच्या संघाने धुळ्याच्या संघाला हरवलं, त्या दिवशी आमचा संघ मोडला.

भाऊला जाऊन आता महिना होत आला. तो माझा थोरला भाऊ आणि त्या संघाचा कप्तान. तो गेल्यावर गावातल्या फुटबॉलचा इतिहास जमवणारी दोन तरुण मुलं घरी आली. त्यांना बाजारपेठेतल्या आमच्या जुन्या इमारतीचा फोटो हवा होता. जळगावात फुटबॉल तिथून सुरू झाला, असं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. ऐकलं ते खोटं नाही. मी फोटो शोधून दिला, चहा केला आणि पुढचं काही बोलले नाही. ते इथे लिहिते आहे.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. इमारतीत खाली वडिलांची कापसाची अडत होती, वर एक लांबट माडी. भाऊने आणि त्याच्या मित्रांनी वर्गणी काढून चेंडू आणला, पण तो ठेवायचा कुठे, हे कुणालाच सुचेना. चेंडू चामड्याचा. एकाही मुलाची आई तो उंबऱ्याच्या आत येऊ देईना; आमचीही नाही. शेवटी भाऊने आबांकडे, म्हणजे वडिलांकडे, माडी मागितली. तिथे कुणी राहत नव्हतं, देव नव्हते, चूल नव्हती. आबा खादी घालायचे आणि नव्या गोष्टींना सहसा नाही म्हणत नसत. तुळईला झोपाळ्याची एक कडी होती. तिला जाळीत घालून चेंडू टांगला. चेंडूला घर मिळालं म्हणून संघ उभा राहिला.

मैदानावर त्याच चेंडूला सगळ्यांचे पाय लागत, डोकी लागत. खेळून आली की मात्र मुलं खालच्या नळावर हातपाय धुऊन मोकळी होत, आणि चेंडू वर नेऊन टांगायचं काम एकाचंच असे. तो उजव्या बाजूने खेळायचा. त्याचे वडील बाजारात जोडे शिवत. हवा भरणं, तोंडाची चामडी वादी आवळणं, उसवलेलं शिवणं, सगळं तोच करी. त्याला ते येतं म्हणून तो करतो, असं आम्ही म्हणत असू. चेंडूसाठी तो रोज आमचा जिना चढायचा आणि आबांनी त्याला कधी अडवलं नाही. भाऊला याचा अभिमान होता. आमच्या संघात असलं काही नाही, असं तो आल्यागेल्याला सांगायचा.

धुळ्याचा संघ चाळीसगावला गाडी बदलून आला. त्यांचा गोलकीपर इमारतीकडे मान वर करून म्हणाला, "जळगावचा चेंडू माडीवर राहतो, आणि आम्हाला धर्मशाळेत उतरवता होय?" सगळे हसले. आमचा चेंडू टांगणाराही हसला, सगळ्यांत मोठ्याने. सामन्यात एकच गोल झाला, आणि तो त्याने केला.

पाहुणे संध्याकाळच्या गाडीने परतले. आबांनी खूश होऊन आमच्या मुलांना जेवण दिलं. असोद्याहून केळीची पानं आली. परसात बट्ट्या तळल्या, वांग्याची भाजी घोटली. खाली अडतीत कापसाच्या गाठी होत्या, तेव्हा पंगत माडीवर बसवायची ठरली. मुलं वर जमली होती, त्यांच्यात तोही होता. पानं मांडायच्या वेळी आबा जिना चढून आले, त्यांनी कडीकडे पाहिलं आणि म्हणाले,

"चेंडू खाली न्या रे. इथं पंगत बसायची आहे."

कुणी हललं नाही. त्या घरात चेंडूला त्याच्याशिवाय कुणी हात लावल्याचं मला आठवत नाही. तो उठला, कडीवरून चेंडू काढला आणि जिना उतरून गेला.

मग मुलं पानांवर बसली. वरण आलं, बट्टी आली, तूप आलं. त्याला वर ये असं कुणी म्हणालं नाही. येऊ नको, असंही कुणी म्हणालं नाही. आचाऱ्याने कुणाला न विचारता एक वाढलेलं पान खाली ओट्यावर नेऊन ठेवलं. मी वाढत होते. भाऊ जिन्याकडे बघत होता. बघत बघत जेवला. पण जेवला.

हात धुवायला आम्ही खाली गेलो तेव्हा ओट्यावर कुणी नव्हतं. पान तसंच होतं. शेजारी चेंडू होता; हवा काढलेला, चिखल पुसलेला, वादी नीट गुंडाळलेली, दर सामन्यानंतर असायचा तसा. भाऊने तो उचलला आणि स्वतः वर नेऊन टांगला. घरात चामड्याला हात लावला, तरी त्या दिवशी आई त्याला आंघोळ कर म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊ आबांशी बोलायला गेला. आबांनी शांतपणे विचारलं, "मी त्या पोराला एक शब्द तरी बोललो का?" ते खरंच होतं. मग भाऊ त्याच्या घरी गेला. तो दारात जोड्याला टाके घालत बसला होता. भाऊ काय बोलला ते मला माहीत नाही. त्याचं उत्तर भाऊने मला सांगितलं होतं.

"भाऊ, चेंडू परत वर गया ना? मंग बठ्ठं बराबर शे." म्हणजे, मग सगळं ठीक आहे.

पुढे त्याला धुळ्यात गिरणीत काम लागलं आणि तो तिथल्या संघातून खेळू लागला. आमच्या मुलांना भाऊने पुन्हा मैदानावर बोलावलंच नाही. कुणी विचारलं तर गुडघा दुखतो म्हणायचा.

शेवटच्या आजारपणात एकदा भाऊ आपणहून बोलला. "अर्ध्या पानावरून उठू नये असं शिकवलं होतं ना आपल्याला," तो म्हणाला, "म्हणून बसून राहिलो." थोड्या वेळाने म्हणाला, "नाही. म्हणून नाही."

इतिहास जमवणाऱ्या त्या दोन मुलांच्या पुस्तकात इमारतीचा फोटो येईल. इमारत अजून आहे. माडीवर कापडाच्या दुकानाचं गोदाम आहे. तुळईला कडी आहे.