जुन्या बाटलीतलं नवं तेल

आमच्या इमारतीची लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकला सगळे ओळंबा म्हणतात. चालणं सरळ, बोलणं सरळ. त्याची छाती मात्र वर्षानुवर्षं उगाचच धडधडते, हे फक्त बायकोला आणि मेहुण्याला ठाऊक होतं. मेहुणा कामावरचाही जोडीदार.

डॉक्टरांनी त्याला भांगेच्या झाडापासून काढलेलं सीबीडीचं तेल दिलं होतं. सकाळी ड्रॉपर भरून जिभेखाली. नशा नाही, गुंगी नाही. धडधड तेवढी आवरायची. ते संपल्यावर मेहुण्याने कुठल्याशा दुकानातून दुसरं आणलं.

"झाड तेच, दाजी. हे जरा कडक आहे."

नवं ग्रीस आलं की ते जुन्या, हाताशी असलेल्या डब्यात रिकामं करायचं, ही कामावरची सवय. ओळंब्याने नवं तेलही जुन्या बाटलीत ओतलं आणि नवी बाटली फेकून दिली.

"वरचं वाचलंत तरी का?" बायकोने विचारलं.

"तेलावरचं काय वाचायचं?"

दुसऱ्या दिवशी तो आमच्याकडे आला. लिफ्टच्या टपावर उभा राहून दोरांचे नट आवळत होता. मेहुणा वर यंत्राच्या खोलीत, आम्ही शेजारी खाली ताटकळत.

एकाएकी भिंती अंगावर येऊ लागल्या. घसा कोरडा पडला. नट आवळला ना? पाना लावून पाहिला. घट्ट. हात काढला, की पुन्हा शंका. परत पाना. परत शंका.

"दाजी, लिफ्ट सोडू का?" वरून मेहुण्याची हाक आली.

"थांब."

"अहो, आत दोर वळताय की काय?" आमच्यातलं कुणीतरी ओरडलं. आम्ही हसलो.

मेहुण्याला 'हो, सोड' म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं, असं त्याने मला नंतर सांगितलं. थांबायचं तर कारण सांगावं लागणार. आणि अशा माणसाला टपावर कोण चढू देईल? पोट याच कामावर. पण खाली आमचं हसणं ऐकू येत होतं, आणि याच लिफ्टमध्ये आम्ही चढणार होतो. त्याने लिफ्ट जागीच रोखणारं लाल बटण दाबलं.

"मला उतरव. नट तू बघ. आज माझा माझ्यावर भरवसा नाही."

नट सगळे घट्ट निघाले. मेहुणा त्याला थेट डॉक्टरांकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी दुकानात फोन लावून तेलात काय आहे ते विचारून घेतलं.

"झाड एकच, पण त्यातली ही दोन सख्खी भावंडं, स्वभाव वेगळे," डॉक्टर म्हणाले. "सीबीडी शांत. टीएचसी नशा आणणारं; थोडं असलं तर एखाद्याला बरं वाटतं, जास्त झालं की भीतीच वाढते. या तेलात टीएचसीच भरपूर, आणि तुम्ही घेतलंत ड्रॉपरभर!"

"मला वाटलं, कडक म्हणजे गुणकारी," मेहुणा पुटपुटला.

"चहा होता का तो?" तिथे धावत आलेली त्याची बहीण कडाडली.

दुसऱ्या दिवशी ओळंबा आपण होऊन सुपरवायझरकडे गेला. तेलाचं सांगितलं, वर्षानुवर्षांच्या धडधडीचंही सांगितलं. मेहुणा बाहेर नखं कुरतडत उभा.

"कामावरून काढलं का, दाजी?"

"नाही. डॉक्टर हो म्हणेपर्यंत यंत्राच्या खोलीत मी, टपावर तू." त्याने मेहुण्याच्या कमरेचा सुरक्षा-पट्टा ओढून पाहिला. "नीट बांध रे. तुझ्या बहिणीला मी काय तोंड दाखवू?"