धुऱ्याचा दगड

मी नांदेडला वनस्पतिशास्त्र शिकवतो. शेतात जातो ते वर्षातून एकदा, वेळा अमावस्येला, शेतात पांडव पुजायच्या सणाला. शेत शिरूर अनंतपाळकडं, माळाला लागून. शेजारचं शेत चुलत भावाचं. माझ्याहून मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणतो. तर या दादाला मी गेल्या पेरणीच्या आधी, मुद्दाम गावी जाऊन, पारावर, चार माणसांदेखत, चोर म्हणालो.

आमच्या दोन शेतांमधला हद्दीचा दगड धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, गायब झाला होता. वडिलांच्याही आधीचा दगड. त्याच्यावर खपल्या होत्या. दगडफुलाचीच जात, पण मसाल्यात पडते ती नव्हे. मसुरीच्या डाळीएवढ्या, तपकिरी, घट्ट चिकटलेल्या. पाणी पडलं की घडीभरात हिरव्या. त्यांचा फोटो मी दरवर्षी वर्गात दाखवतो आणि सांगतो, नांगराखाली उलथणाऱ्या दगडावर ही खपली धरत नाही. एवढा मी शहाणा! दादा त्या दिवशी खाली बघत निघून गेला. मी म्हटलं, बघा, तोंड आहे का बोलायला?

यंदा अमावस्येला कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, घातली. कोपीत पाच दगड पांडव म्हणून मांडून चुना-काव लावतात. दगड धुवायचं काम माझ्याकडं. पाचव्यावर तांब्या ओतला आणि त्याची पाठ हिरवी झाली.

मोबाइल काढून वर्गातला फोटो दगडाशी ताडून बघितला. तोच! मग आठवलं. गेल्या वर्षीच्या अमावस्येला एक पांडव फुटला होता, तेव्हा धुऱ्याजवळ पालथा पडलेला, मातीनं माखलेला दगड मीच उचलून आणला होता. हौसेनं, न धुताच, पुढून चुनाही फासला होता. शेतात राबणारा माणूस धुऱ्याजवळच्या दगडाला हात लावत नाही. ती अक्कल माझ्यासारख्या पाहुण्याला कुठली?

ओल्या हातानंच दादाच्या कोपीकडं गेलो. तो आंबील ढवळत होता.

"दादा, दगड मीच नेला. माझ्या पांडवात बसलाय."

"हाव, ठाव हाय. गेल्या साली तुझ्या कोपीत जेवाया आल्तो की. तवाच बघितला."

"मग पारावर बोलला का न्हाईस?"

"काय बोलू? पुजलेला पांडव उठीव म्हनू व्हय? त्यापरीस तू चोर म्हनलास ते बरं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाय धरायला वाकलो, तर त्यानं आंबिलीचा गलास पुढं केला. "बस. आधी पी."

दुपारी माळावरून दुसरा दगड उचलून आम्ही दोघं धुऱ्यावर गेलो. दादानं पहार माझ्या हातात दिली.

"जागा तू दाव. पुन्यांदा भांडन नगं."

मी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. ज्या जागेसाठी पारावर भांडलो, ती मला दाखवता येईना.